एकोणीस खाचा

नऊ इंच.

दर आठवड्याला वीस फूट.

डबा घासून, पुसून, झाकण घट्ट लावून परत आला होता.

कोपरा तुटलेल्या पटाशीने लाकडात खाच मारली, की खाचेशेजारी केसाएवढी एक जास्तीची रेघ उमटते.

रविवार, पहाटे पाच ते दुपारी एक.

माझी बायको बाजारात पुलावरून जाते. आईने विचारलं तर सांगते, बंधाऱ्यावरून गेले होते. मग दारात पाय आपटून चपलांवर नसलेली धूळ झटकते.

१

पूल बंद करता येत नव्हता. आमचं शहर अलीकडच्या काठावर झोपतं आणि पलीकडच्या काठावर जागं असतं. शाळा, बाजार, दवाखाना, कचेऱ्या, सगळं पलीकडे. पुलाच्या लोखंडी तुळया ठणठणीत होत्या. तुळयांवरची काँक्रीटची फरशी, जिच्यावरून गाड्या जातात ती, मात्र एक्केचाळीस वर्षांत सडली होती. ती काढून नवी घालायची होती, आणि कुणाला फारसं जाणवूही द्यायचं नव्हतं.

"चालत्या माणसाच्या पायातली चप्पल बदलायची," क्रेनवाला म्हणाला. "आणि तो ठेचकाळला तर आपण मेलो."

क्रेनवाल्याला आम्ही सावकाश म्हणतो, कारण केबिनमध्ये बसला की तो दुसरा शब्द बोलत नाही. मला सगळे करवत म्हणतात. मी काँक्रीट कापतो. हिऱ्याचं पातं, त्यावर पाण्याची धार, कानात कापूस. आमच्या वर मॅडम. चौतिशीच्या इंजिनिअर, गळ्यात शिट्टी, दोन्ही मनगटांवर घड्याळं. डावं खरं, उजवं दहा मिनिटं पुढे. "उजवं तुमच्यासाठी," त्या म्हणायच्या.

त्यांनी महिनाभर पुलावर माणसं बसवून गाड्या मोजल्या. लोकांना वाटलं, काम रात्री होणार. पण दिवसा ट्रकांना शहरात बंदी, त्यामुळे खरा बोजा पुलावर रात्रीच असतो. सगळ्यात ओस वेळ निघाली ती रविवारी पहाटे पाच ते दुपारी एक. त्या आठ तासांत एक जुनी स्लॅब कापून उचलायची, आवारात आधीच ओतून ठेवलेली नवी तिच्या जागी बसवायची, फटींत लवकर धरणारा मसाला भरायचा, तो दोन तास वाळू द्यायचा, आणि एकच्या ठोक्याला दोन्हीकडचे अडथळे काढायचे. स्लॅब सव्वीस. रविवार सव्वीस.

पूल पहिल्यांदा बांधला तेव्हाही आठवड्याला एकच स्लॅब ओतायचे. माझे वडील त्या कामावर सुतार होते. काँक्रीट ज्या लाकडी साच्यात ओततात तो साचा ते ठोकायचे.

एकोणिसावी स्लॅब ओतली त्या दिवशी ते घरी आले नाहीत. मी तीन महिन्यांचा होतो.

४

आईचं म्हणणं, ते पुलात आहेत. ओतताना पाय घसरून साच्यात पडले, वरून काँक्रीट येत राहिलं, आणि मुकादमाने काम थांबवलं नाही.

शेजाऱ्यांचं म्हणणं, ते पळून गेले.

कंपनीच्या कागदावर एकच शब्द होता, गैरहजर.

त्या दिवसापासून आईने पुलावर पाय ठेवलेला नाही. "नवऱ्याच्या छातीवर पाय देऊन बाजारात जाऊ?" हा प्रश्न ती कपडे वाळत घालताना विचारते, चष्मा पुसताना विचारते, कधीकधी कुणी काही विचारलेलं नसतानाही विचारते. म्हणून आम्ही बंधाऱ्यावरून जातो. काठाने खाली, बंधाऱ्याच्या अरुंद पायवाटेने पलीकडे, पुन्हा काठाने वर. पन्नास मिनिटं. मी दहा वर्षं असा शाळेत गेलो. पोरं पुलावरून मला हात करायची. मला वाटायचं, ती माझ्या बापाच्या अंगावर उभी राहून हात करतायत.

पुलाचं काम निघालं तेव्हा आईला सांगायची मला भीती वाटत होती. ती म्हणाली, "कापायला चाललास ना? मग जा. चालायला थोडाच चाललायस."

वडील आले नाहीत त्या संध्याकाळी त्यांचा जेवणाचा डबा कुणीतरी दारात ठेवून गेलं होतं. कोण ते आईने पाहिलं नाही. डबा घासलेला होता, पुसलेला होता, झाकण घट्ट होतं.

"पळून जाणारा माणूस डबा धुऊन पाठवतो का रे?" आई म्हणते.

"आणि मेलेला माणूस धुतो का, आई?"

"जेवण झाल्यावर पडला. डबा आधीच धुतला होता. एवढंही कळत नाही तुला?"

आमचं घर पुलाच्या तोंडाशीच आहे, दुसऱ्या मजल्यावर. चौथ्या रविवारनंतर एका सकाळी आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. "आवाज सरकलाय," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. नवी फरशी संपून जुनी सुरू होते तिथे केसभर उंची कमीजास्त राहते, आणि तिथून चाक गेलं की आवाज होतो. ठक-ठक. पुढचं चाक, मागचं चाक. दर रविवारी तो सांधा वीस फूट पुढे जायचा, आणि आवाजही.

"कुणीतरी आठवड्याला एकच पाऊल टाकत पलीकडे चाललंय," आई म्हणाली.

बायकोने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर रात्री ट्रक सुरू झाले की आम्ही दोघंही जागे राहून ते ऐकायचो, आणि झोपलोय असं एकमेकांना दाखवायचो.

९

खाचांचं आईनेच सांगितलं होतं.

साच्याच्या फळ्या पुन्हापुन्हा वापरतात. कुठली फळी कितव्यांदा लागली ते कळावं, म्हणून सुतार दर वेळी तिच्यावर एक खाच मारतात. वडिलांची एक जाड फळी होती, तेल पाजलेली, नदीकडच्या कोपऱ्याला लावायची. पहिल्या स्लॅबपासून तीच. त्यांच्या पटाशीचा कोपरा तुटलेला होता, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक खाचेला शेजारी केसाएवढी जास्तीची रेघ असायची. पटाशी ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आईलासुद्धा नाही.

लाकडातली खाच काँक्रीटमध्ये उलटी उमटते. लाकडात खोल, काँक्रीटमध्ये उंच. आम्ही तिला खाचच म्हणत राहिलो. ती असायची स्लॅबच्या पोटाला, तुळयांच्या मधल्या अंधारात, नदीकडे तोंड करून. एक्केचाळीस वर्षं ती कुणीही पाहिली नव्हती.

उचललेली स्लॅब आमच्या काठावरच्या आवारात नेत. तिथे सोमवारी दुसरी क्रेन तिला उताणी करायची, म्हणजे मॅडमना खालच्या भेगांचे फोटो काढता यायचे. फोटो काढून झाले की मी जवळ जायचो. पहिल्या स्लॅबवर एक खाच. चौथीवर चार. नवव्या स्लॅबवर मी बोट ठेवून नऊ मोजल्या, प्रत्येकीच्या शेजारी केस. माझ्या बापाच्या हाताची मी पाहिलेली ही पहिली खूण. फोटोसुद्धा नव्हता घरात.

सावकाश मागे येऊन उभा राहिला होता. केबिनबाहेर तो पुष्कळ बोलतो.

"करवत, रागावणार नसलास तर एक विचारू?"

"विचार."

"स्लॅब किती जाड?"

"नऊ इंच."

"आणि त्यात सळयांच्या दोन जाळ्या. एक खाली, एक वर."

"हो."

"मग माणूस कुठे मावतो, बाबा? मांजरसुद्धा मावायचं नाही."

"मला माहीत आहे."

"मग आईला सांग ना."

"तू सांग."

"मी? मला अजून लग्न करायचंय. दोन्ही हात लागतील."

मला खरंच माहीत होतं. एकविसाव्या वर्षी पहिली स्लॅब कापली, पात्यावरची खोलीची खूण पाहिली, आणि त्याच क्षणी कळलं. पण ते हातांना कळलं होतं. चालू पातं कोपऱ्याजवळ आलं, की आवाज जरा खाली उतरतो. तिथे सळया दाट असतात म्हणून उतरतो. तरीही दर रविवारी त्या क्षणी मी पाण्याच्या राखाडी गाळाकडे बघायचो. रंग बदलतोय का ते.

नऊ इंचांत माणूस मावत नाही, पण नदीत मावतो. ते साच्यावरून नदीत पडले असतील तर? मेला म्हणजे मेलाच की. म्हणजे सगळं विसाव्या स्लॅबवर होतं. खाचांचा हा हिशोब आई मला लहानपणापासून सांगत आलेली. विसाव्या आठवड्यात ती फळी कुणीतरी लावलीच असणार, फळ्या काही रडत बसत नाहीत. पण खाच मारणारा नसेल, तर विसाव्या स्लॅबवरही एकोणीसच खाचा असतील. आणि वीस असतील, तर माझा बाप पुढच्या आठवड्यात जिवंत होता. आमच्या खिडकीपासून चारशे फुटांवर बसून पटाशी चालवत होता. आणि आई एक्केचाळीस वर्षं बंधाऱ्यावरून चालली ती कुणासाठीच नाही.

१९

एकोणिसावी कापताना मी कानातला कापूस काढला.

काहीच झालं नाही. पातं गेलं, पाणी गेलं, गाळ राखाडीच होता. सावकाशने स्लॅब उचलली, ट्रेलरवर ठेवली. मोकळ्या चौकोनातून खाली नदी दिसत होती, उन्हात, उथळ, तळाचे दगड दाखवणारी. एका दगडावर बगळा उभा होता. मी त्या चौकोनाच्या काठावर बसून राहिलो, तेव्हा मॅडमनी उजवं घड्याळ दाखवलं.

सोमवारी आवारात एकोणीस खाचा मोजल्या. घरी सांगितलं.

"आत काही नव्हतं, आई. नऊच इंच आहे ती."

"मी कुठे म्हटलं आत असेल?" एक्केचाळीस वर्षं हेच म्हणणारी माझी आई म्हणाली. "आता विसाव्यावर किती ते सांग. तिथे ठरेल."

मग ती बशा पुसत राहिली. पुसलेल्याच बशा.

२०

लटकत्या स्लॅबखाली कुणीही उभं राहायचं नाही. या कामाचा पहिला नियम. मॅडम तो दर रविवारी पहाटे पाचला म्हणायला लावायच्या, शाळेतल्यासारखा, सगळ्यांना एका सुरात.

सोमवारपर्यंत थांबायचं मी ठरवलं होतं. आठवडाभर ठरवलं होतं. पण सावकाशने विसावी उचलली, पंचवीस टन दोरखंडांवर हलकेच फिरलं, नदीकडचा कोपरा माझ्या बाजूला आला, आणि माझे पाय निघाले. मी खाली जाऊन उभा राहिलो. डोक्यावर हात वर केला की लागेल एवढ्यावर स्लॅबचं पोट. जुन्या फळ्यांच्या लाकडी रेषा तिच्यात जशाच्या तशा होत्या, गाठींसकट. कोळ्याची जाळी होती. मी हाताने जाळी बाजूला केली.

शिट्टी वाजत होती. सावकाश केबिनमधून ओरडत होता, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो शब्द सावकाश नव्हता.

वीस.

मी पुन्हा मोजल्या. पाच, दहा, पंधरा, वीस. विसाव्या खाचेच्या शेजारीही केस होता. तीच पटाशी, तोच हात, तोच कल. एक आठवडा उशिरा.

मॅडमनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "घरी आई आहे ना तुमची?" त्या म्हणाल्या. "मग?"

पुढे सगळंच मागे पडलं. पूल त्या दिवशी अकरा मिनिटं उशिरा उघडला. सव्वीस रविवारांत तेवढाच. दोन्हीकडे गाड्यांची रांग, भोंगे, पोलिसाची मॅडमना बोलणी. वहीत त्यांनी कारण लिहिलं, 'पातं बदललं.'

घरी आलो. आई दाराशीच होती.

"किती?"

"एकोणीस," मी म्हणालो.

तिने श्वास सोडला. खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. ती केवढीशी झाली होती.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

२०, बुधवार

दुपारी आवारातली माणसं जेवायला गेली तेव्हा मी छोटा ग्राइंडर घेऊन विसाव्या स्लॅबवर चढलो. एकच तर खाच होती. बोटाएवढी. वीस सेकंदांचं काम. पांढरी धूळ उडाली, खाली बसली. मी हाताने ती पुसली आणि लांबून पाहिलं. बरं दिसत होतं.



२०, गुरुवार

आईला आवारात आणलं. जुन्या स्लॅब भरडून त्यांची खडी करतात. बारापर्यंतच्या भरडून झाल्या होत्या. बाकीच्या उताण्या पडल्या होत्या, ओळीने.

"एवढ्या मोठ्या असतात?" आई म्हणाली. पूल तिने फक्त खिडकीतून आणि बंधाऱ्यावरून पाहिला होता.

मी तिला एकोणिसावीच्या कडेला नेलं. तिने चष्मा काढून ठेवला आणि बोटाने मोजायला लागली. ओठ हलत होते. प्रत्येक खाचेशेजारचा केस तिने नखाने चाचपला. एकोणीस झाल्यावर हात तिथेच ठेवून थोडी थांबली.

"हाच," ती म्हणाली. "पटाशीला धार लावून घ्या म्हणून किती सांगितलं. म्हणायचे, कोपरा गेलाय, धार नाही गेली."

मग म्हणाली, "आता पुढची."

विसाव्या स्लॅबपाशी ती जास्त हळू मोजू लागली. मी तिच्या मागे उभा होतो. सोळा. सतरा. अठरा. एकोणीस. मला वाटलं, झालं. पण बोट थांबलं नाही. पुढची खाच जिथे असायला हवी होती तेवढ्याच अंतरावर ते गेलं, आणि तिथे गोल फिरलं.

"इथे गुळगुळीत आहे."

"घासलं असेल."

"कशाने?"

"गाड्यांनी. एक्केचाळीस वर्षं गाड्या जातात वरून."

ती वळली. चष्म्याशिवाय तिचे डोळे फार उघडे वाटतात.

"ही खालची बाजू ना रे?"

"हो."

"मग खालून गाड्या कोण चालवतं?"

वीस वर्षं मी हे काम करतोय. कापलेलं कसं दिसतं, घासलेलं कसं दिसतं, वरचं काय आणि खालचं काय, हे मी नवख्यांना शिकवतो. आणि तिला असं सांगून बसलो.

तिचं बोट पांढरं झालं होतं. तिने ते बघितलं, मग माझ्या शर्टाच्या बाहीला पुसलं. लहानपणी शाळेतून आल्यावर माझं नाक पुसून बोट माझ्याच शर्टाला पुसायची, तसं.

"चल," ती म्हणाली. "ऊन वाढलं."

वाटेत ती एकदाच बोलली. "तुझा हात त्यांच्यासारखा नाही. ते एवढी घाण ठेवून उठले नसते."

२३

एकविसाव्या स्लॅबवर किती, हे आईने विचारलं नाही. बाविसावीचं विचारलं नाही. मीही सोमवारी आवारात जाणं सोडलं. मॅडम फोटो काढत असतील तेव्हा मी पाती मोजत बसायचो.

सांध्याचा आवाज आता बराच लांब गेला होता. रात्री तो ऐकायला श्वास धरावा लागे. आई मात्र दिवसाही खिडकीशी उभी राहायची. पूर्वी ती पुलाकडे बघायची. आता पुलाच्या पलीकडे बघत होती.

तेविसाव्या रविवारी मसाला वाळत असताना मॅडम शेजारी येऊन बसल्या. दोन तास कुणालाच काही काम नसतं.

"माझ्या स्लॅबला ग्राइंडर कुणी लावला?"

मी पात्यावरचा गाळ अंगठ्याने खरवडू लागलो.

"मी सोमवारीच फोटो काढलेले असतात. बुधवारी कुणी काहीही घासलं तरी माझ्याकडे वीस आहेत." त्यांनी माझ्याकडे न बघता शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "मी कुणाला सांगणार नाही. मला त्याचं काय. पण पुढच्याही आहेत माझ्याकडे. एकवीस, बावीस. मोजल्यात मी. सांगू?"

"नको."

"बरं."

दोरी सोडून त्या म्हणाल्या, "माझे वडील रोज घरी यायचे. तेही काही फार सोपं नव्हतं."

शेवटच्या रविवारी त्यांनी मला एक पाकीट दिलं. त्यात खाचांचे फोटो होते, आणि जुन्या फाइलमधला पहिल्या बांधकामाचा एक. पाकीट माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. त्यातला जुना फोटो तेवढा मी पाहिला. बाकीचे अजून पाहिलेले नाहीत.

२६

सोमवारी सकाळी आई म्हणाली, "आज आवाज नाही."

नव्हता. सांधाच उरला नव्हता. गाड्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर जात होत्या, पाण्यावरून गेल्यासारख्या. इतका मोकळा आवाज की घर रिकामं झाल्यासारखं वाटत होतं.

आईने बूट घातले. बंधाऱ्याच्या वाटेवरचे, जाड तळव्याचे. कुठे जातेस, असं विचारायला बायकोने तोंड उघडलं आणि मिटलं. मी आईच्या मागे जिना उतरलो.

ती डावीकडे, काठाच्या वाटेला वळली नाही. सरळ गेली. पुलाच्या तोंडाशी, जिथे डांबर संपतं आणि नवं काँक्रीट सुरू होतं, तिथे थांबली. मग जसा पाण्यात पाय घालतात तसा एक पाय ठेवला. मग दुसरा.

पदपथ अरुंद होता. मी मागे होतो. स्लॅब माझ्या पायांना पाठ होत्या, न बघता कळायच्या. सात. बारा. गाड्यांचा वारा आईचे केस उडवत होता. अठरा. एकोणीस. तिथे ती हळू होईल, वाकेल, काहीतरी करेल, म्हणून मी हात पुढे करून तयार होतो. तिने चालसुद्धा बदलली नाही. विसाव्या स्लॅबवर मात्र तिने एकदा जोराने पाय आपटला. एकदाच. जिन्यात झुरळ दिसलं की आपटते तसा.

पलीकडे पोचलो.

पुलाच्या त्या टोकाला, उतारावर, टायरवाल्याचं दुकान आहे. त्याच्या शेजारी मोकळी जागा, काही जुन्या पाट्या, गवत. आई त्या गवतापाशी जाऊन उभी राहिली आणि मागे वळून नदीपलीकडे पाहू लागली. आमच्या घराकडे. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत बायको ओट्याशी उभी होती. तिने केस बांधले ते दिसलं, तिने हातातलं फडकं झटकलं तेही. पलीकडून आमची खिडकी इतकी जवळ दिसते, हे मला माहीत नव्हतं. मी या पुलावर सव्वीस रविवार काम केलं, पण कधी तिथे उभं राहून तिकडे पाहिलं नव्हतं.

"किती वेळ लागला?" आईने विचारलं.

"चार मिनिटं."

"मोजलीस?"

"हो."

"एवढंच होतं?"

टायरवाल्याने आईला स्टूल आणून दिलं, ती बसली नाही. खिडकीत बायको आता नव्हती. आई तरी बघत होती. बराच वेळ.

"परत जायचं का?" मी म्हणालो. "पुलावरून?"

"बंधाऱ्यावरून जाऊ," ती म्हणाली. "मला वेळ लागणार आहे."

०

पाकिटातल्या जुन्या फोटोत दिसतं, पूल पहिल्यांदा बांधत होते तेव्हा सुतारांची पत्र्याची शेड पलीकडच्या काठावर, आता गवत आहे तिथेच होती, सव्विसावी स्लॅब होईपर्यंत होती, आणि तिचं दार आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं.